खाडीवाटे गेलेलं रान

कोकण किनाऱ्याचा इतिहास सांगायला बसलं की तो किल्ल्यांपासून सुरू होतो. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. मग गुराबा आणि गलबतं ही लढाऊ जहाजं येतात, आंग्रे आणि धुळप येतात, सिद्दी, फिरंगी, टोपीकर येतात. हा इतिहास मलाही प्रिय आहे, त्यातल्या लढाया लहानपणापासून ऐकत आले आहे. पण अलीकडे या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न डोक्यातून जात नाही. त्या गुराबांचं लाकूड आलं कुठून? कोणी तोडलं, कोणी ओढत आणलं, कोणी चिरलं? आणि मुळात ते झाड होतं कोणाचं?

किल्ल्यावर गेलं की तोफा दाखवतात, चोरवाट दाखवतात, गोड्या पाण्याचं टाकं दाखवतात. जहाजं दाखवायला उरलेलीच नाहीत, त्यामुळे त्यांच्या लाकडाबद्दल कोणी विचारत नाही. खरं तर आरमार उभं राहायचं ते आधी डोंगरात. सह्याद्रीच्या उतारावर साग, ऐन, किंजळ, शिसव वाढायचे आणि तिथून खाडीपर्यंत पोहोचायचे, तेव्हा कुठे किनाऱ्यावर सुताराच्या हातात पटाशी यायची. हा मधला सगळा प्रवास आपल्या बखरींनी वगळला आहे.

कोकणचा नकाशा समोर ठेवला तर हा प्रवास अजून वाचता येतो. डोंगर आणि समुद्र यांच्यात अंतर थोडं, आणि प्रत्येक नदी खाली येऊन खाडी होते. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे एकेक बाजारपेठ वसलेली आहे. अंबा नदीवर नागोठणं, कुंडलिकेवर रोहा, सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, पुढे राजापूर, खारेपाटण. आज ही गावं समुद्रापासून बरीच आत वाटतात आणि तिथे बंदर होतं हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. पण घाटावरचा माल आणि डोंगरातलं लाकूड इथेच गाडीवरून उतरून पाण्यावर चढायचं. पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की पडाव-मचव्यांसारख्या मालवाहू होड्यांची हालचाल सुरू व्हायची. रानातली वाट सुकली की तोड चालू व्हायची, बैल ओंडके ओढून खाडीकाठी आणायचे, आणि पुढचा सगळा हिशेब भरती-ओहोटीवर. ओहोटीला पडाव चिखलावर बसवून भरायचा आणि भरतीला तरंगला की सोडायचा. जमिनीवरून दहा कोस लाकूड नेणं जिवावर यायचं. तेच लाकूड एकदा खाडीला लागलं की मुंबई, सुरत, पार आखातापर्यंत जाऊ शकत होतं. किनाऱ्यालगतच्या रानाचं नशीब या एका गोष्टीने ठरवलं असं मला वाटतं. घाटमाथ्यावरचं झाड बैलगाडीच्या आवाक्यात होतं, खाडीलगतचं झाड अख्ख्या अरबी समुद्राच्या आवाक्यात.

सागाची एक गंमत आहे. नौकेसाठी याच्याइतकं चांगलं लाकूड नाही, पण ताजा तोडलेला साग पाण्यात टाकला तर बुडतो. ओल्या लाकडाचं वजनच तितकं असतं. म्हणून ब्रह्मदेशात उभ्या झाडाच्या खोडाभोवती साल आणि तिच्याखालचं पांढरं लाकूड गोल खणून काढायचे आणि झाड तसंच दोन-तीन वर्षं उभं ठेवायचे. ते जागच्या जागी वाळायचं, मग तोडायचं, मग नदीत सोडायचं. आपल्या किनाऱ्यावर ओंडक्यांना बांबूच्या मोळ्या बांधून ते तरते ठेवण्याचीही रीत होती. असा तराफा घेऊन नदीतून खाली येणारी माणसं दगड, भोवरे, उथळ जागा तोंडपाठ ओळखत असणार. त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही.

करवत्यांचंही तसंच. आमच्या लहानपणी यंत्राच्या गिरण्या सगळीकडे झाल्या होत्या, तरी आडगावात घराच्या कामाला अजून हाताने लाकूड चिरायला माणसं यायची. त्यांची जोडी असायची. ओंडका उंच घोडीवर तिरका चढवायचा किंवा जमिनीत खड्डा खणून त्यावर आडवा ठेवायचा. सुतळी गेरूत भिजवून दोन टोकांना ताणायची, मधे चिमटीने उचलून सोडायची. ओंडक्यावर लाल सरळ रेघ उमटायची आणि आम्ही पोरं तेवढ्यासाठी तिथे थांबायचो. मग एकजण वर उभा, एकजण खाली. वरचा रेघ सांभाळतो, खालचा ओढतो. भुसा सगळा खालच्याच्या डोक्यावर, पापण्यांवर, उघड्या घामेजलेल्या पाठीवर. तो डोळे बारीक करून वर बघत राहतो, कारण रेघ सोडून चालत नाही. अर्धा दिवस गेला की एक फळी निघायची. सागाचा तो वास कडवट, थोडा चामड्याकडे झुकणारा. मी पुढे जेव्हा जेव्हा जहाजांच्या लांबी-रुंदीचे आकडे वाचले तेव्हा तेव्हा मला तो खड्ड्यातला माणूस दिसला आहे. एका मोठ्या जहाजाच्या अंगावर किती फळ्या बसत असतील, आणि प्रत्येक फळीमागे असे किती अर्धे दिवस.

जहाजाला फक्त सरळ लाकूड लागतं असाही आपला समज असतो. फळ्यांना सरळ सोट लागतो, डोलकाठीला तर फारच सरळ आणि उंच. पण जहाजाच्या बरगड्या वाकड्या असतात. सरळ लाकडातून कापून केलेली बरगडी रेषांवर तुटते. तिला जन्मतः वाकलेलं लाकूडच हवं, ज्याच्या आतल्या शिरा त्या बाकाबरोबर वळलेल्या आहेत. म्हणून जाणता सुतार रानात जाऊन वाकडी झाडं हेरायचा. वाऱ्याने कललेलं, खडकातून तिरपं निघालेलं, फांदी आणि खोड यांच्या बेचक्यात योग्य कोन असलेलं झाड त्याला नुसतं बघून कळायचं. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, लाकूड व्यापाराबद्दल इंग्रजी गॅझेटियरमध्ये नोंद आहे की त्याच्या दोन शाखा होत्या. घरबांधणीच्या लाकडाचा व्यापार देशाच्या आतल्या बाजूला चाले, आणि किनाऱ्याने चाले तो जळाऊ लाकडाचा आणि जहाजांसाठीच्या वाकड्या लाकडाचा. इथल्या सागाचा दर्जा मुंबई इलाख्यात कानडा जिल्ह्याखालोखाल धरला जाई.

ही नोंद वाचून मी बराच वेळ थांबले. साधारण कुठल्याही रानात वाकडं झाड वाचतं. कुऱ्हाड सरळ झाडावर पडते, वाकडं मागे राहतं आणि त्याच्या बियांनी रान पुन्हा उठतं. किनाऱ्यावर मात्र सरळ झाड घराला गेलं, वाकडं जहाजाला गेलं, आणि जे दोन्हीला चाललं नाही ते मुंबईच्या चुलीला गेलं. मागे ठेवण्यासारखं काही उरलंच नाही. आज खाडीकाठच्या डोंगरांवर जी खुरटी झुडपं आणि उघडा कातळ दिसतो, त्यातला काही भाग निसर्गाचाच आहे हे खरं. जांभ्याचे सडे, म्हणजे कातळी पठारं, मुळातच उघडे असतात. पण डोंगरउतारांची गोष्ट वेगळी आहे. तिथे रान होतं आणि ते गेलं.

हा व्यापार किती जुना? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रमार्गांच्या वर्णनात भडोचहून आखाताकडे जाणाऱ्या मालात तांबं, चंदन, सागाच्या तुळया, शिसवीचे आणि आबनुसाचे ओंडके यांची नावं आहेत. सहाव्या शतकातला दुसरा एक प्रवासी कल्याणहून पितळ, कापड आणि शिसवीचे ओंडके बाहेर जातात असं नोंदवतो. इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके नावाचं बंदर होतं, तिथल्या उत्खननात भारतीय साग सापडला. तोही बहुधा मोडीत काढलेल्या जहाजांचा, घरांच्या भिंतीत पुन्हा वापरलेला. आखाताकाठी जहाजाजोगं झाडच नाही. तिथल्या माणसाला समुद्र ओलांडायचा तर आधी समुद्र ओलांडून लाकूड आणावं लागे. त्यामुळे अरबांच्या नौकांचा मोठा भाग आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेल्या लाकडाचा असे, आणि केरळात बेपूरला आखाती गिऱ्हाइकांसाठी उरू नावाची लाकडी जहाजं बांधण्याची परंपरा आपल्या काळापर्यंत टिकली.

पण मघाचा प्रश्न, झाड कोणाचं, त्याला सरळ भिडलेला एक मराठी दस्तऐवज आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, १७१५-१६च्या सुमाराचं. त्यातला झाडांबद्दलचा उतारा हल्ली शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरतो. लेखणी अमात्यांची आहे, महाराजांच्या निधनानंतर तीन तपांनी लिहिलेलं आहे. मात्र अमात्य स्वतः राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत होते आणि थोरल्या महाराजांच्या राजनीतीचाच सारांश ते पुढच्या पिढीच्या हाती देत होते, त्यामुळे त्याचं मोल जराही कमी होत नाही.

ते म्हणतात, आरमाराला तख्ते, सोट, डोलाच्या काठ्या असं थोर लाकूड लागतं. आपल्या राज्यातल्या अरण्यात सागवानासारखी झाडं आहेत, त्यातलं लागेल ते हुजूरची परवानगी घेऊन तोडावं. जास्त लागलं तर परमुलखातून खरेदी करून आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं आहे, पण त्याला हात लावू देऊ नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही. एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तरच धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं. बलात्कार, म्हणजे जबरदस्ती, सर्वथा करू नये.

हा उतारा मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी मला त्यातलं नेमकेपण थक्क करतं. लिहिणारा माणूस झाडांवर कविता करत नाही. त्याला आरमार हवंच आहे, लाकूड हवंच आहे. पण तो झाडांचे दोन वर्ग करतो: रानातलं झाड राज्याचं आणि तेही परवान्याने, दारातलं झाड लावणाऱ्याचं. आणि तो वेळेचा हिशेब धरतो. झाड तोडायला लागणारा वेळ आणि झाड व्हायला लागणारा वेळ यांच्यातलं अंतर राज्यकर्त्याने डोक्यात ठेवलं पाहिजे, ही गोष्ट त्या काळी किती राज्यांच्या कागदात सापडेल? असं काही लिहून ठेवावं लागतं ते खाली उलटं घडत असतं म्हणूनच, हेही मला कळतं. कुठला तरी कारकून, कुठला तरी किल्लेदार आंब्यावर कुऱ्हाड घालत असणार. तरीही ताकीद होती, लेखी होती आणि रयतेच्या बाजूने होती.

त्याच लाकडाचं आरमार पुढे कसं संपलं ते सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. समुद्रातून अ‍ॅडमिरल वॉटसन, बरोबर क्लाईव्ह, जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य. तुळाजी आंग्र्यांची जहाजं एकमेकांना बांधून उभी होती. एकावर आग लागली आणि ती सगळ्यांवर पसरली. बांधणीला घेतलेली जहाजंही जळाली. त्या आगीबद्दल राजकारणाच्या अंगाने खूप लिहिलं गेलं, आपल्याच लोकांनी आपलं आरमार बुडवायला हातभार लावला याची खंत आजही ताजी आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सागाला जहाजाजोगं व्हायला साठ-ऐंशी वर्षं लागतात. म्हणजे त्या दुपारी जे जळलं ते शिवकाळातल्या पावसांवर वाढलेलं रान होतं.

इकडे मुंबईत तोवर दुसरी गोष्ट सुरू झाली होती. सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईत आले आणि त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीची गोदी उभी केली. १७५०मध्ये सुकी गोदी झाली, आशियातली पहिली मानतात ती. वाडियांच्या पिढ्या तिथे जहाजं बांधत राहिल्या. सगळी सागाची, आणि लाकूड मुख्यतः मलबारचं. त्याच सुमारास इंग्लंडात ओक संपत चालला होता. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ला सुमारे ६००० झाडं लागली होती, बहुतेक ओकच, आणि नेपोलियनशी युद्धं थांबत नव्हती. ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. साग तेलकट, लोखंडाला सांभाळून घेणारा, वाळवीला दाद न देणारा आणि समुद्रातल्या पोखरणाऱ्या किड्यालाही बराच तोंड देणारा. ओकच्या दुप्पट-तिप्पट टिकायचा. १८०५ साली लंडनहून विचारणा झाली की मलबारचा साग राजाच्या आरमाराला कायम पुरेल का. त्याचं उत्तर शोधता शोधता १८०६मध्ये कॅप्टन वॉटसन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला मलबारच्या जंगलांचा कॉन्झर्व्हेटर, म्हणजे मुख्य अधिकारी, नेमलं आणि १८०७मध्ये जाहीर झालं की यापुढे सागाच्या झाडावर मालकी कंपनीची.

झाड कोणाच्याही जमिनीत असो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या मालकीचं रान होतं ते जमीनदार, त्यांच्याकडून लाकूड घेणारे मापिळा, म्हणजे मलबारी मुसलमान, व्यापारी, सगळ्यांच्या हातून ते गेलं. लाकूड स्वस्तात मिळायला लागलं, गोद्या भरल्या. लोक इतके नाराज झाले की १८२३मध्ये मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी ते पदच रद्द केलं. आज्ञापत्रातला ‘धन्याला राजी करून’ आणि हा जाहीरनामा यांच्यात शंभर वर्षांचंही अंतर नाही.

त्या सागाची जहाजं मात्र अद्भुत होती, आणि ज्यांनी ती बांधली त्यांच्याबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो. जमशेदजी बमनजी वाडियांनी बांधलेलं ‘मिंडेन’ १८१०मध्ये पाण्यात उतरलं, ब्रिटनबाहेर बांधलेली इंग्रजी आरमाराची ती पहिली मोठी युद्धनौका. १८१३चं ‘कॉर्नवॉलिस’, ज्याच्यावर २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनशी नानकिंगचा तह झाला. १८१५चं ‘वेलस्ली’ तर इतकं टिकलं की सव्वाशे वर्षांनी, सप्टेंबर १९४०मध्ये, जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात सापडून थेम्समध्ये बसलं. आणि १२ ऑक्टोबर १८१७ला मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. त्याचे पहिले नकाशे ज्या जहाजातून येत होते ते ‘जावा’ वाटेत अमेरिकेच्या युद्धनौकेने जिंकून जाळलं, दुसरे नकाशे मागवावे लागले, म्हणून बांधणीला उशीर झाला. मलबारच्या डोंगरात पेशवाईच्या भरात रुजलेलं लाकूड उत्तर समुद्राकाठी अजून पाण्यावर आहे. मला कधीतरी त्या फळीवर हात ठेवायचा आहे.

मलबारमध्ये पुढे एक चांगली गोष्टही घडली. कलेक्टर कॉनोली यांनी १८४०च्या दशकात निलांबूरला सागाची लागवड सुरू केली. सागाचं बी कठीण कवचाचं, रुजता रुजत नव्हतं. ते जमवून दाखवलं चातू मेनन या त्यांच्या हाताखालच्या माणसाने, आणि त्याने लाखो रोपं उभी केली. जगातली ही सर्वांत जुनी साग लागवड समजतात. त्या जागेला आज ‘कॉनोलीज प्लॉट’ म्हणतात. चातू मेनन यांचं नाव त्या पाटीवर असायला हवं होतं.

१६ एप्रिल १८५३ला मुंबई-ठाणे गाडी धावली आणि लाकडाची भूक जमिनीवर आली. रुळांच्या प्रत्येक मैलाला सुमारे २००० स्लीपर, आणि ते काही वर्षांत बदलावे लागत. १८६४मध्ये जंगलखातं, १८६५चा कायदा, मग १८७८चा त्याहून कडक. राखीव रान, संरक्षित रान, गावाचं रान असे भाग पडले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना त्याची झळ सर्वांत आधी बसली, कारण त्यांचं रान मुंबईच्या दारात होतं. भाताच्या रोपांसाठी वाफ्यांवर राब जाळायला फांद्या तोडता येईनात. कातकऱ्यांचा खैर गेला, कात पाडणारी माणसं दुसऱ्याच्या कोळशाच्या भट्ट्या लावू लागली. जोतीराव फुल्यांनी १८८३मध्ये शेतकऱ्याच्या हालांबद्दल लिहिताना जंगलखात्याचं नाव घेऊन संताप व्यक्त केला आहे, की पूर्वी गरीब शेतकरी ज्या रानावर फळं, पानं, सरपण विकून चार दिवस काढायचा आणि दोन जनावरं पोसायचा, ते रानही या खात्याने घशात घातलं. ओरड इतकी झाली की सरकारला १८८५मध्ये मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला.

आणि २५ सप्टेंबर १९३०, चिरनेर. उरणजवळचं हे गाव मुंबई बंदरापासून समुद्राच्या एका पट्ट्याने दूर. अक्कादेवीच्या माळावर कोयते घेऊन आगरी, कातकरी, कुणबी माणसं जंगल सत्याग्रहाला जमली, आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्याच परिसरातलं सरपण वर्षानुवर्षं पडाव भरभरून मुंबईला जात होतं. ते परवान्याचं होतं. डोंगराखालच्या माणसाने मोळी बांधली की गुन्हा. मिठाचा सत्याग्रह आपल्या पुस्तकात पानभर असतो, चिरनेरला एखादी ओळ मिळाली तर मिळते. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण कोकणाने आपला मूळ प्रश्न तिथे रक्ताने लिहिला.

फक्त सरकारकडे बोट दाखवून मात्र भागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं, बहुतेक सगळं रान खाजगी. तिथे सागाला धनी होता, तरी डोंगर उघडे पडलेच. भाव आला की धनी स्वतःच राजी होतो. आजही उन्हाळ्यात सड्यावरून खाली येणारे लाकडाने भरलेले ट्रक बघितले की अमात्यांचा तो उतारा मला अपुरा वाटायला लागतो. त्यांनी राजाला आवरलं होतं. बाजाराला आवरायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

आपला साग कमी पडला तसा मौलमीन आणि रंगूनचा साग आला. मुंबईच्या चाळींचे जिने, कठडे, कोकणातल्या सधन घरांचे माजघरातले खांब, ‘बर्मा सागवान’ म्हणून आपण आजही कौतुकाने दाखवतो. त्या लाकडाची किंमत कुठे मोजली गेली, हे पाहायला रत्नागिरीच्या पलीकडे जावं लागत नाही. १८६३मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातून साग काढत होती. १८८५मध्ये मंडालेच्या दरबाराने ठरवलं की कंपनीने भरलेल्या पैशांपेक्षा फार जास्त ओंडके नेले आहेत, आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड बसवला. इंग्रजांना फ्रेंचांची धास्ती होतीच, त्यात हे निमित्त मिळालं. नोव्हेंबरात युद्ध झालं, महिनाअखेर मंडाले पडलं, आणि आपल्या रानातल्या लाकडाचा हिशेब मागणारा राजा थिबा पुढच्या वर्षी राणी आणि लहान मुलींसह रत्नागिरीला आणून ठेवला गेला. जवळजवळ पंचवीस वर्षं बंगल्यांतून काढल्यावर १९१०-११च्या सुमारास त्याच्यासाठी खाडीकडे तोंड केलेला राजवाडा झाला. जांभ्या दगडाचा, आणि आत ब्रह्मदेशी साग. डिसेंबर १९१६मध्ये तो तिथेच वारला.

रत्नागिरीला गेले की मी तिथे जातेच. पर्यटक सज्जात उभे राहून भाट्याच्या खाडीचे फोटो काढतात, मार्गदर्शक राजाच्या दुर्बिणीबद्दल सांगतो. मी खांबांकडे आणि छताच्या लाकूडकामाकडे बघत राहते. राज्य गेलं त्या भांडणातलं लाकूड त्याच्याच डोक्यावर छप्पर म्हणून आलं, आणि तो रोज त्याच्याखाली झोपत होता.

वाडियांच्या जहाजांची यादी मिळते. गव्हर्नरांची पत्रं छापलेली आहेत. आंग्र्यांच्या लढायांवर संशोधन चालू आहे. नाही ते खाडीच्या टोकावरच्या वखारींचं. कोणाकडून किती सोट घेतले, ओढणावळ काय दिली, करवत्यांच्या जोडीला रोज किती, तांडेलाला किती, कोणत्या डोंगरावरून कोणत्या साली काय उतरलं. हे सगळं मोडीतल्या वह्यांमध्ये होतं आणि त्यातल्या काही वह्या अजून माळ्यावर, पेटाऱ्यात, बंद घरात पडून असणार. रोहा, महाड, चिपळूण, राजापूर, पेण, भिवंडी अशा कुठल्याही पेठेत तुमच्या घरी पूर्वी लाकडाचा धंदा असेल आणि अशी वही सापडली, तर ती रद्दीत घालू नका. वाचता आली नाही तरी चालेल. पानापानाचे फोटो काढा, मोडी वाचणारी माणसं शिकवण्याच्या वर्गांमुळे आता पुन्हा तयार होत आहेत. आणि घरात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल, ज्याने पडावावर लाकूड चढताना पाहिलं असेल, करवत ओढली असेल, तर त्यांना या पावसाळ्याच्या आत विचारून घ्या. ओंडका कोणत्या वाटेने यायचा, खाडीत कुठे थांबायचा, आणि बैल कोणाचे होते.